मायक्रोवेव्हचे पॅनेल दाद देत नाही : कार्ड बदलण्याआधी काय तपासावे?

सागरगंध

नमस्कार. माहीमला आमच्या घरी कन्व्हेक्शन प्रकारचा मायक्रोवेव्ह ओव्हन आहे आणि त्याची वॉरंटी संपून बराच काळ लोटला आहे. यंदाचा पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्या पॅनेलवरची बटणे अधूनमधून चालेनाशी झाली होती. आता बहुतेक बटणे कितीही दाबली तरी काहीच घडत नाही. डिस्प्लेवर घड्याळ दिसते, वेळ बरोबर पुढे सरकते, दार उघडले की आतला दिवाही लागतो.

दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी दोन-तीन बटणे दाबून पाहिली आणि कार्ड (म्हणजे ओव्हन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेले आहे, ते पूर्ण बदलावे लागेल, असे सांगितले. त्यांनी सांगितलेला खर्च नव्या ओव्हनच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जातो. माझ्या सासूबाईंचे हात थरथरतात आणि दुपारी त्या घरात एकट्या असतात, त्यामुळे गॅस न पेटवता जेवण गरम करण्याची सोय आमच्यासाठी फार गरजेची आहे. खर्च करायला माझी हरकत नाही, पण तो योग्य भागावर व्हावा अशी इच्छा आहे. ओव्हन न उघडता, घरच्या घरी, दोष नेमका कुठे आहे याचा काही अंदाज घेता येतो का?

तारायंत्र

अंदाज नक्की घेता येतो, आणि आपण दिलेल्या वर्णनातच त्याची सुरुवात आहे. घड्याळ दिसते आणि वेळ पुढे सरकते याचा अर्थ ओव्हनला वीज मिळते आहे, आतला मुख्य फ्यूज शाबूत आहे, कार्डावरचा कमी दाबाचा वीजपुरवठा चालू आहे आणि कार्डावरचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बटणांचे संदेश वाचून ओव्हन चालवणारी चिप, आपले काम करतो आहे. कार्डावरचा एखादा भाग तरीही बिघडलेला असू शकतो. पण एवढी लक्षणे समोर असताना दोन-तीन बटणे दाबून ‘कार्ड गेले’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

डिस्प्ले पूर्ण काळा असता तर तपासाची दिशाच वेगळी झाली असती. तेव्हा आधी भिंतीवरचे १६ अँपिअरचे सॉकेट, स्विच आणि एमसीबी पाहायचे, त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण लावून खात्री करायची, आणि ते चालले तर ओव्हनमधला फ्यूज किंवा तापमान वाढल्यावर वीज तोडणारा कटआउट तपासण्यासाठी तंत्रज्ञ बोलवायचा. आपल्याकडे तो प्रश्न नाही.

आता कृपया एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. बटण दाबल्यावर ‘बीप’ असा आवाज येतो का? काही मॉडेलांत हा आवाज सेटिंगमधून बंद करता येतो, तेवढे आधी तपासून घ्यावे. आवाज येतो पण पुढे काही घडत नाही, अशी स्थिती असेल तर बटणाचा संदेश मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोहोचला आहे आणि तो दुसऱ्या कुठल्यातरी कारणासाठी काम नाकारतो आहे. लॉक लागलेले असणे किंवा दार पूर्ण बंद झाल्याची खूण न मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. आवाजच येत नसेल तर संदेश वाटेतच अडतो आहे. या एका निरीक्षणाने अर्धा गोंधळ मिटतो.

त्यानंतर प्लग काढून ओव्हन काही मिनिटे तसाच ठेवावा आणि पुन्हा लावावा, म्हणजे मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होईल. मग पॅनेलवरचे प्रत्येक बटण क्रमाने दाबून कोणते चालते, कोणते चालत नाही आणि कोणते कधी चालते कधी नाही, हे कागदावर पॅनेलची आकृती काढून नोंदवावे. एकही बटण सोडू नका. आत पाणी भरलेला कप ठेवून मगच ही चाचणी करावी, म्हणजे ओव्हन सुरू झालाच तर तो रिकामा चालणार नाही.

चुलीपाशी

तपास सुरू करण्यापूर्वी चाइल्ड लॉक पाहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. पुसताना किंवा लहान मुलांच्या हातून ते नकळत लागते. अनेक मॉडेलांत स्टॉप किंवा क्लिअर हे बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरले की लॉक लागते आणि तसेच दाबून धरले की निघते. काहींत दोन बटणे एकत्र दाबावी लागतात. लॉक असताना डिस्प्लेवर सहसा किल्लीचे चिन्ह किंवा इंग्रजी एल हे अक्षर दिसते. ओव्हनबरोबर आलेली पुस्तिका हाती नसेल तर मॉडेल क्रमांकावरून ती कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते.

दुकानात मांडलेल्या ओव्हनसाठी असलेला डेमो मोडही काही मॉडेलांत असतो. त्यात बटणे चालतात, वेळ उलटी मोजली जाते, पण अन्न मात्र गार राहते. सागरगंध यांचे वर्णन तसे नाही, तरी पुढे हा धागा वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहिले.

सागरगंध

दोघांचेही आभार. लॉक लागलेले नाही, आणि प्लग काढून पुन्हा लावल्याने फरक पडला नाही. सांगितल्याप्रमाणे आकृती काढून सगळी बटणे तपासली.

१, ४, ७, डीफ्रॉस्ट आणि स्टॉप ही बटणे आवाजासह व्यवस्थित चालतात. २, ५, ८ आणि कन्व्हेक्शनचे बटण एरवी गप्प असतात, पण पॅनेलच्या खालच्या कडेजवळ अंगठ्याने दाब देऊन ती दाबली तर कधीकधी चालतात. ३, ६, ९ आणि स्टार्ट यांच्याकडून कोणताही आवाज किंवा प्रतिसाद मिळत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. दिवसभर ऊन पडून हवा कोरडी झाली की मधल्या रांगेची बटणे बरी चालतात आणि संततधार लागली की पुन्हा बंद पडतात. बटणे फुगवट्याची नाहीत; सपाट प्लॅस्टिकच्या आवरणावर छापलेली आहेत आणि दाबल्यावर बोटाखाली हलकी टिचकी जाणवते.

तारायंत्र

ही नोंद फार मोलाची आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपले पॅनेल मेम्ब्रेन प्रकारचे आहे. त्यात पॉलिएस्टरचे दोन पातळ थर एकमेकांवर असतात, त्यांच्या आतल्या बाजूंवर चांदीच्या किंवा कार्बनच्या वीजवाहक शाईने रेषा छापलेल्या असतात आणि मधल्या थरात प्रत्येक बटणाच्या जागी एक छिद्र असते. बोटाने दाबल्यावर वरची रेषा त्या छिद्रातून खालच्या रेषेला टेकते. बटण म्हणजे एवढेच. त्या सगळ्या रेषा एका पातळ पट्टीतून, जिला दुरुस्तीवाले रिबन म्हणतात, कार्डावरच्या कनेक्टरमध्ये जाऊन बसतात.

आता वीस-पंचवीस बटणांना प्रत्येकी स्वतंत्र तारा द्यायच्या तर रिबन फार रुंद होईल. म्हणून बटणे आडव्या आणि उभ्या रेषांच्या जाळीवर बसवतात. मायक्रोकंट्रोलर एकेका रेषेवर क्रमाने संकेत पाठवतो आणि तो कोणत्या दुसऱ्या रेषेवरून परत येतो ते पाहून कोणते बटण दाबले गेले हे ओळखतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते : एक रेषा तुटली की तिच्यावरची सगळी बटणे एकदम मरतात आणि बाकीची अगदी नीट चालतात. आपल्या मुंबईतल्या इमारतींत एका उभ्या नळाची लाइन बंद झाली की त्या लाइनवरची प्रत्येक मजल्यावरची मोरी कोरडी पडते, पण गच्चीवरची टाकी भरलेलीच असते, तसे हे आहे.

आपल्याकडे १, ४, ७ आणि डीफ्रॉस्ट हा एक गट चालू आहे, २, ५, ८ आणि कन्व्हेक्शन हा गट आजारी आहे, आणि ३, ६, ९ व स्टार्ट हा गट मेला आहे. असे नेमके गट पडतात तेव्हा दोष बहुतांशी रेषांमध्ये, रिबनमध्ये किंवा रिबन जिथे कार्डात शिरते त्या सांध्यात असतो. मायक्रोकंट्रोलरचा एखादा पाय निकामी होऊनही एखादा गट जाऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण मग खालच्या कडेवर दाब दिल्याने किंवा हवा कोरडी झाल्याने मधला गट जिवंत झाला नसता. दाबाला आणि दमटपणाला इतका स्पष्ट प्रतिसाद देणारा दोष हा स्पर्शाच्या ठिकाणी असतो. बटणांची मांडणी आणि आतल्या जाळीची मांडणी दर वेळी जुळतेच असे नाही. काही कंपन्या रेषा वेगळ्या फिरवतात. त्यामुळे गट तिरके किंवा विखुरलेले दिसले तरी घाबरू नये. कागदावरच्या आकृतीत मेलेली बटणे रंगवली की जाळी आपोआप दिसू लागते.

ती आकृती पुढच्या तंत्रज्ञाला दाखवावी आणि कार्डाचा विषय काढण्यापूर्वी रिबन व कीपॅड (म्हणजे बटणांचे हे मेम्ब्रेन पॅनेल) वेगळे तपासण्याची विनंती करावी.

सोल्डर

मी घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. तारायंत्र यांच्याशी सहमत आहे. त्यात कामाच्या बाजूने थोडी भर घालतो, पण त्याआधी एक इशारा.

मायक्रोवेव्हचे बाहेरचे पत्र्याचे आवरण कोणीही घरी उघडू नये. प्लग काढलेला असला तरीही उघडू नये. आत मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न गरम करणाऱ्या लहरी निर्माण करणाऱ्या भागाला, सुमारे चार हजार व्होल्टचा दाब पुरवणारी व्यवस्था असते आणि तिच्यातला कपॅसिटर, ज्यावर बहुधा २१०० व्होल्ट असे छापलेले असते, वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो. हा भार हळूहळू उतरावा म्हणून त्यात एक रोधक बसवलेला असतो, पण तो निकामी झाला तर बाहेरून कळत नाही. हा धक्का जीवघेणा असतो. टीव्ही किंवा मिक्सर उघडण्याचा अनुभव इथे पुरेसा नाही. पॅनेलचा भाग पुढे असला तरी त्याचे स्क्रू बऱ्याच ओव्हनांत आवरण काढल्यावरच हाती लागतात, म्हणून ‘फक्त रिबन काढून पुन्हा लावतो’ हा विचारही मनात आणू नये.

जाणकार माणूस आधी कपॅसिटर सुरक्षितपणे रिकामा करतो, मग रिबन कनेक्टरमधून सोडवतो आणि मल्टिमीटरने कीपॅडची प्रत्येक जोडी बटण दाबून व सोडून मोजतो. दाबल्यावर रोध खाली आला आणि सोडल्यावर जोडणी पूर्ण तुटली तर बटण चांगले. दुसऱ्या बाजूने, रिबन सोडवलेली असताना कार्डावरच्या कनेक्टरच्या योग्य दोन पिना क्षणभर जोडल्या आणि ‘बीप’ आला, तर कार्ड चांगले. ही तपासणी फार वेळ घेत नाही, आणि ती न करता महागडे कार्ड बदलणे हे चुकीचे काम आहे, असे मी माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही सांगतो.

मुंबईच्या हवेबद्दल थोडे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्वयंपाकघरात ओल कायम असते. त्यात समुद्राजवळच्या घरांत हवेतले मीठ आणि गॅसवरची वाफ यांची भर पडते. कीपॅडच्या थरांत ओल शिरली की दोन प्रकारचे बिघाड होतात. एकात रिबनच्या टोकावरच्या चांदीच्या रेषा काळवंडतात आणि संपर्क तुटतो. माहीमच्या ओव्हनमध्ये हेच झालेले असावे. दुसऱ्यात, विजेचा दाब असलेल्या दोन शेजारच्या रेषांमध्ये ओलाव्यातून चांदी हळूहळू सरकते आणि बारीक तंतूसारखा पूल तयार होतो. तेव्हा बटण न दाबताच दाबल्यासारखे होते. हा दुसरा प्रकार अधिक काळजीचा आहे.

रिबनचे टोक साफ करायचे असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड एवढेच वापरावे. ब्लेड, पॉलिश पेपर किंवा खोडरबर घासणारे लोक पाहिले आहेत. त्याने काळेपणा जातो आणि त्याबरोबर शाईचा थरही जातो.

उपनगरी

आमच्या भागात वीज गेली की परत येताना दिवे क्षणभर प्रखर होतात. अशा वेळी पॅनेल बिघडते असे ऐकले आहे. स्टॅबिलायझर लावला तर सागरगंध यांचा प्रश्न सुटणार नाही का?

तारायंत्र

नाही, या प्रश्नावर तो उपाय नाही. विजेच्या दाबातील चढउताराने ३, ६, ९ बंद पडून १, ४, ७ चालू राहतील, असे होत नाही. चढउताराचा फटका सगळ्या कार्डाला एकदम बसतो. दाब एकाएकी वाढल्याने कार्डावरचा संरक्षक व्हॅरिस्टर फुटतो किंवा फ्यूज जातो, आणि मग डिस्प्लेही काळा पडतो.

शिवाय मायक्रोवेव्ह चालताना बाराशे ते पंधराशे वॅट सहज घेतो आणि कन्व्हेक्शनला त्याहून अधिक लागतात. टीव्हीसाठी घेतलेला लहान स्टॅबिलायझर त्याला पुरणार नाही आणि तापेल. वीज गेली की ओव्हनचा भिंतीवरचा स्विच बंद करणे आणि ती परतून स्थिरावल्यावर चालू करणे, ही सवय अधिक उपयोगाची आहे.

चुलीपाशी

माझ्या बहिणीकडे गिरगावातल्या जुन्या इमारतीत काचेचे, नुसत्या स्पर्शावर चालणारे पॅनेल असलेला ओव्हन आहे. तिच्याकडे बटणे कधी चालत नाहीत, तर कधी एकाऐवजी शेजारचे बटण लागते. आणि ओव्हनच्या पत्र्याला हात लागला की हलक्या झिणझिण्या येतात. तिथेही रिबनच पाहावी का?

सोल्डर

ताई, तिथे रिबनचा विचार नंतर करू. झिणझिण्या येतात हे वाचल्यावर पहिली गोष्ट ही की बहिणीला आजच ओव्हनचा प्लग काढून ठेवायला सांगा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

ओव्हनच्या आत वीज शिरते तिथे गोंगाट गाळणारे एक फिल्टर असते आणि त्यातले दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगले असेल तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह फार थोडा असल्याने झिणझिण्यांवर निभावते, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ट्रान्सफॉर्मर असलेल्या नेहमीच्या ओव्हनमध्ये उच्च दाबाच्या वेटोळ्याचे एक टोकच पत्र्याला जोडलेले असते. त्यामुळे मायक्रोवेव्हच्या बाबतीत अर्थिंगशी तडजोड करता येत नाही. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्याच्या मागच्या मोठ्या पिनेला तारच जोडलेली नसते, असे अनेकदा आढळते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसणे हा त्याहूनही वाईट प्रकार आहे.

काचेचे पॅनेल बोटामुळे होणारा विद्युतधारितेचा अगदी सूक्ष्म बदल मोजते. अर्थिंग नसले की त्या मोजणीचा आधारच डळमळतो, म्हणून चुकीची बटणे लागणे हे त्याच दोषाचे दुसरे लक्षण असू शकते. ते दुरुस्त झाल्यावरही त्रास राहिला तर काचेवरचा तेलकट थर पाहावा. ओले किंवा पिठाचे हात, काचेवर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म, फोडणीची वाफ, या सगळ्यांनी असे पॅनेल गोंधळते. वीज बंद करून, कापड किंचित ओलसर करून पुसावे आणि मग कोरडे करावे. फवारा थेट पॅनेलवर कधीही मारू नये. तो कडांमधून आत जातो.

पहाटवारा

मी हा धागा मूकपणे वाचत होते, पण सोल्डर यांनी ‘न दाबता दाबल्यासारखे’ असे लिहिले ते वाचून विचारते. आमचा ओव्हन रात्री कोणी हात न लावता आवाज करतो आणि डिस्प्लेवर कधीकधी एस आणि ई ही अक्षरे दिसतात. इतर बटणे तेव्हा चालत नाहीत. दिवसा मात्र तो नीट चालतो, म्हणून आम्ही वापरतो आहोत.

सोल्डर

कृपया वापरू नका. काही कंपन्या बटण जोडलेल्या अवस्थेत अडकले आहे हे कळवण्यासाठी हीच अक्षरे दाखवतात. एक बटण सतत दाबलेले दिसत असल्याने मायक्रोकंट्रोलर बाकीच्या बटणांकडे लक्ष देत नाही. अडकलेले बटण आकड्याचे असेल तर नुसता आवाज येतो. ते स्टार्टचे असेल तर दार बंद असताना ओव्हन आपोआप आणि रिकामा सुरू होऊ शकतो.

भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढून ठेवावा आणि कीपॅड बदलून घ्यावा. दिवसा चालते म्हणजे दोष गेला असे नसते. हवा कोरडी झाली एवढेच. काही जण केसांच्या ड्रायरने पॅनेल वाळवतात. गरम हवेने आवरणाचा गोंद सुटतो आणि ओल आत शिरायला नवी वाट मिळते, म्हणून तो उपाय मी सुचवत नाही.

ग्राहकहित

तांत्रिक बाजू येथे चांगली मांडली गेली आहे. मी व्यवहाराच्या बाजूचे लिहिते, कारण ‘कार्ड गेले’ हे तीन शब्द ग्राहकाला बरेच महाग पडतात.

दुरुस्तीसाठी कोणीही आले तरी जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) दोषाचे वर्णन, बदलायच्या भागाचे नाव व क्रमांक आणि त्याची किंमत लेखी घ्यावी. कीपॅड आणि कार्ड वेगळे मिळतात का, हे स्पष्ट विचारावे; काही मॉडेलांत ते एकत्रच येतात, पण ते सांगण्याची जबाबदारी त्यांची आहे. काढलेला जुना भाग परत मागावा. भाग उपलब्ध नाही असे सांगितले तर तेही लिहून घ्यावे. मॅग्नेट्रॉनवर अनेक कंपन्या जास्त वर्षांची वॉरंटी देतात, पण ती पॅनेलला लागू नसते, त्यामुळे वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरे वाचूनच बोलावे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले आणि टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक आहे. त्यात सहभागी असलेल्या कंपन्यांची पुस्तिका, सुट्या भागांची आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे पाहता येते. तक्रार असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येते. प्रकरण त्यापुढे गेलेच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगात दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. कागद हातात नसेल तर यातले काहीच पुढे सरकत नाही, म्हणून लेखी घेण्यावर माझा इतका भर आहे.

सागरगंध

मंडळी, दुसऱ्या तंत्रज्ञांना बोलावले आणि बटणांची आकृती त्यांच्यापुढे ठेवली. ती पाहून त्यांनी स्वतःहूनच कार्डाचे नाव घेतले नाही. ओव्हन उघडल्यावर रिबनच्या टोकाशी दोन रेषा काळ्या पडलेल्या दिसल्या. टोक अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवल्यावर २, ५, ८ आणि कन्व्हेक्शन हा गट लगेच चालू झाला. ३, ६, ९ आणि स्टार्टचा गट मात्र उठला नाही. मीटरवर ती रेषा पॅनेलच्या आतच तुटलेली निघाली. कार्डाच्या पिना जोडून पाहिल्यावर ‘बीप’ आला, म्हणजे कार्ड चांगले आहे. आता फक्त कीपॅड बदलायचा आहे आणि त्याचा खर्च आधी सांगितलेल्या रकमेचा अगदी लहान भाग आहे.

कीपॅड लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी स्वतः आणावा, असे त्यांनी सुचवले आहे. तिथे काय सांगून मागावा? आणि ओव्हन पुन्हा मांडताना जागा बदलावी का? सध्या तो गॅसच्या शेगडीला लागून असलेल्या फळीवर आहे.

सोल्डर

ओव्हनच्या मागच्या बाजूला किंवा दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते, तिच्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरांसकट फोटो काढून न्यावा. जुना कीपॅड आधीच काढलेला असेल तर तोही बरोबर न्या. रिबनवर बऱ्याचदा भाग क्रमांक छापलेला असतो. समोरून हुबेहूब दिसणारा कीपॅड घेऊ नका. छपाई सारखी असली तरी आतली जाळी वेगळी असू शकते, आणि मग २ दाबल्यावर ८ उमटते. रिबनच्या पिनांची संख्या, तिची लांबी आणि ती कोणत्या बाजूने बाहेर येते, हे तिन्ही जुळले पाहिजे. ग्रँट रोड स्थानकावरून चालत जाता येते. बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून आठवड्यातला दिवस निवडा.

जुने आवरण उचकटून काढल्यावर ते परत चिकटवता येत नाही, त्यामुळे नवा कीपॅड हाती आल्याशिवाय जुना काढू देऊ नका. तो अजून जागेवर असेल तर आधी फोटो आणि मॉडेल क्रमांक घेऊनच चौकशी करा.

तारायंत्र

जागा शक्य असेल तर जरूर बदलावी. कुकरची शिटी आणि डाळ-भाताची वाफ सरळ पॅनेलवर येत असेल तर नवा कीपॅडही त्याच वाटेने जाईल. शेगडीपासून दूर, भिंतीपासून मागे, बाजूंना आणि वर पुस्तिकेत सांगितली असेल तेवढी मोकळी जागा सोडून ओव्हन ठेवावा. मुंबईच्या स्वयंपाकघरात जागेची अडचण असते हे मान्य आहे. शेगडीजवळच ठेवणे भाग असेल तर निदान पॅनेलची बाजू शेगडीच्या विरुद्ध दिशेला येईल अशी मांडणी करावी. बहुतेक ओव्हनांत पॅनेल उजवीकडे असते, म्हणजे ओव्हन शेगडीच्या उजव्या हाताला ठेवणे बरे.

दुपारी सासूबाई एकट्याच वापरणार असतील तर आणखी एक सुचवतो. स्टार्ट आणि तीस सेकंदांचे बटण सर्वाधिक दाबले जाते आणि तेच आधी झिजते. नखाने किंवा चमच्याच्या टोकाने न दाबता बोटाच्या पेराने दाबायचे, एवढे सांभाळले तरी आवरणाला चिरा पडत नाहीत. चीर पडली की ओल थेट आत शिरते.

पाऊलवाट

आमच्या ओव्हनला बटणे कमी आणि गोल फिरवायचा नॉब आहे. नॉब उजवीकडे फिरवला तरी वेळ कधी पुढे, कधी मागे उडी मारते. हाही कीपॅडचाच दोष समजावा का?

सोल्डर

नाही, तो एन्कोडर आहे. नॉबच्या मागे दोन छोटे संपर्क आळीपाळीने जुळतात आणि त्यांच्या क्रमावरून मायक्रोकंट्रोलर दिशा ओळखतो. संपर्कांवर मळ किंवा गंज बसला की एखादी खूण चुकते आणि आकडा उलटा उडतो. हा भाग कार्डावर झाळलेला असतो, सुटा मिळतो आणि स्वस्त असतो. जुना काढून नवा झाळावा लागतो. तंत्रज्ञ पूर्ण कार्ड बदलायला सांगत असेल तर फक्त एन्कोडर बदलण्याबद्दल विचारा, आणि जुन्याच्या दांड्याची लांबी व पायांची संख्या पाहूनच नवा घ्यायला सांगा.